हरेश, चिमटे लांब केले

हरेश,

तुझं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्याच दिवशी मी गाडीवरची ताडपत्री काढली. ते कोणालाच आवडलं नाही. मेव्हण्याची राख थंड झाली नाही तोवर भावजी भंगार घेऊन बसले, असं बोळात कुणीतरी म्हणालं. म्हणू दे. तू असतास तर उलट मलाच झापलं असतंस, की एवढे दिवस ताडपत्रीखाली कशाला ठेवलीत, गंज काय सुतक पाळतो काय?

मेव्हणा गेला की लोक बायकोचं सांत्वन करतात. माझ्याही घरी आले ते नंदाच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला, धाकटा भाऊ गेला गं म्हणून रडले. सुषमाकडे गेले, तिचा तर नवराच गेला. मी दोन्ही घरांत खुर्च्या लावत होतो, पाणी देत होतो. सगळे मला म्हणाले, तुम्ही आता या दोघींना सांभाळा. मान हलवली. मला कोणी सांभाळायचं हे विचारायची पद्धत नाही आणि मी विचारलंही नाही. पण तुला सांगतो, शनिवारी सकाळी रोह्याहून एसटीत बसलो की मुरूड येईपर्यंत मला धड श्वास घेता येत नाही. कारण मुरूडला उतरून बोळात शिरलं की "आलं का कागूद?" असं कोणी विचारणार नाही. मी आलो की नाही हे तू कधीच विचारलं नाहीस. ड्रॉइंग आलं की भावजी आलेच, असा तुझा हिशेब.

अख्ख्या कोळीवाड्यात मी आठवड्याचा घरजावई. पाच दिवस रोह्याच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात, दोन दिवस तुमच्यात. नंदाचा मासळीचा धंदा इथे, तिचं माणूसपण इथे, म्हणून घर इथे. म्हसळ्याच्या आतल्या गावातला भात लावणाऱ्यांचा मुलगा कोळ्यांच्या मुलीच्या मागे किनाऱ्यावर आला, यावर तुझ्या घरात किती गोंधळ झाला होता. तू तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचा, गेला नाहीस ती गोष्ट वेगळी. सगळे रुसून बसले होते आणि तू मला सरळ होडीत घालून खाडीबाहेर नेलंस. मी ओकून ओकून अर्धा झालो. परत आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, "मानूस चांगला हाय. तीन येळा ओकला पन परत फिरव बोलला न्हाय." त्यावर माझं लग्न ठरलं. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, आणि बोललो असतो तर तू विषय बदलला असतास.

गाडी सुरू झाली ती नंदा पडली तेव्हापासून. बंदराच्या पायरीवर शेवाळ, डोक्यावर भरलेली टोपली. मणका दबला. डॉक्टर म्हणाले, थोडं चाला, आरामात बसा, जगा शंभर वर्षं, पण धक्का लागता कामा नये. रिक्षा विसरा, मोटरसायकल तर नावच नको. बंदर चालत जाण्याइतकं जवळ नाही. झालं, तिचं बंदर बंद पडलं. जिनं लिलावात तोंड उघडलं की बाकीच्या गप्प व्हायच्या, ती दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारू लागली, आज कोणाची होडी आली, काय लागलं. दुसऱ्या तिच्यासाठी मासळी घेऊन यायच्या. आधी स्वतःचं निवडून घ्यायच्या आणि मग उरलेलं. नंदा पापलेटाचे कल्ले उचलून बघायची आणि काही न बोलता टोपलीत ठेवायची. तिचं ते न बोलणं मला आणि तुला दोघांनाही सहन होत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर आपलं पहिल्या दिवसापासून एकमत होतं, त्यानंतर कशावरच झालं नाही.

"आपन ताईला गाडी करू," असं तू म्हणालास तेव्हा मी हसलो. घरात गाडी कोण करतं?

"मग होडी कोन करतं? कारखाना? आमीच ना."

आणि तुला ते खरंच इतकं साधं वाटत होतं.

तीन गोष्टी हव्या होत्या. रेतीत रुतू नये इतकी हलकी. नंदाच्या दारापासून बोळातून बाहेर निघेल इतकी अरुंद. आणि तिला धक्का लागणार नाही इतकी मऊ. या तिघी एकमेकींच्या सवती. एकीचं ऐकलं की दुसरी फुगून बसते. रस्त्यावर न्यायचीच नव्हती, बोळातून सरळ किनारा आणि ओहोटीच्या घट्ट रेतीवरून बंदर. चालवणारा मागे आणि नंदा पुढे, हे तू ठरवलंस. मी म्हणालो, जगात कुठल्या गाडीचा ड्रायव्हर मागे असतो? तू म्हणालास, सुकाणू मागंच असतं. पुढं बसलेल्याला बंदर दिसलं पायजे, चालवनाऱ्याला ताई दिसली पायजे. भंगारातून तीनचाकीचं इंजिन आलं, मोटरसायकलचे शॉकअप आले, जुन्या छोट्या गाडीचे बॉल जॉइंट, म्हणजे चाकाचे फिरते सांधे, आले. चौकट तू जोडलीस. आणि मग आपण पोचलो पुढच्या चाकांच्या चिमट्यांशी, आणि तिथेच दीड वर्ष राहिलो.

पुस्तकात त्याला विशबोन म्हणतात, मी तुला पहिल्यांदा चित्र दाखवलं ते पुस्तकातलंच. दोन पाय चौकटीला, टोक चाकाला. असा एक वर, एक खाली, आणि मधे चाक उभं. खड्डा आला की चाक वर-खाली होतं आणि चौकट आपल्या जागी राहते. विशबोन म्हणजे कोंबडीच्या छातीचं फाट्याचं हाड, असं मी सांगितल्यावर तू चित्राकडे बघून म्हणालास, "कोंबडीचं हाड कशाला घालता गाडीत, हा चिमटा हाय." त्या दिवसापासून चिमटाच. मी ऑफिसात साहेबांसमोरही एकदा चिमटा म्हणून गेलो.

माझी पद्धत कागदाची. कंपनीचं काम संपलं की कॉम्प्युटरवर चिमटे काढायचे, प्रिंट घ्यायची आणि शनिवारी गुंडाळी काखेत मारून यायचं. तू ती प्रिंट एकदा उलटीसुलटी बघायचास आणि म्हणायचास, "चला, खाली जाऊ." खाली म्हणजे ओहोटीच्या ओल्या रेतीवर. तिथे काठीनं खरी मापं, खरी चौकट, खरं चाक. चिमट्यांच्या जागी बांबूच्या कांब्या, सांध्यात खिळा. मी एक टोक धरायचं, तू चाक उचलायचं, आणि कांब्या कशा फिरतात, चाक सरळ राहतं की कलतं, ते रेतीत काठीनं ओढत जायचं. मला सुरुवातीला हसू आलं. मग एकदा माझ्या कागदावर बरोबर दिसणारा चिमटा रेतीत शॉकअपला अडकला. एकदा रेतीत झकास चाललेला तुझा चिमटा कागदावर घेतला तर चाक वळवलं की चौकटीला घासत होतं. कधी तू चुकायचास, कधी मी. भरती आली की तिनं दोघांचंही पुसून टाकायचं आणि आपण पावलं भिजवत घरी यायचो, नंदाचा चहा प्यायला.

त्या चहाच्या वेळी ती एकदाच म्हणाली होती, "थोडं हादरलं तर मी मरत न्हाय. पन मना न्या." आपण दोघांनीही ऐकलं नाही. तू म्हणालास, हादरनार न्हाय, म्हंजे न्हाय.

पहिले चिमटे बसवले तो दिवस आठवला की आत्ताही एकटा असलो तरी हसतो. बोळात जागा नाही म्हणून जुळणी किनाऱ्यावर. चौकट विटांवर ठेवली. तू पाण्याची नळी आणलीस, तीच जी होडी बांधताना लावतात. चारही कोपरे पाण्याच्या पातळीत आणले, केसाचा फरक नाही. मग चाकं रेतीला टेकवली, चौकट ते चाक अशी मापं घेतली आणि डाव्या-उजव्या शॉकअपचे ब्रॅकेट त्या-त्या मापानं जोडून टाकले. गाडी बंदराच्या दिशेनं निघाली. नंदाच्या जागी रेतीची पोती. काय सुंदर चालली. सरळ, सपाट, ताटासारखी. तू मागं सुकाणू धरून बसलेला, मी बाजूनं पळत, आणि दोघांच्या अंगात राजा संचारलेला.

बंदरापाशी वळलो आणि परत निघालो, तर गाडी एका कुशीवर. इतकी कललेली की पोती सरकून तुझ्या पायाशी आली. वेल्डिंगवाले इकबालभाई वर्कशॉप बंद करून बघायला आले होते. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. नंदा किनाऱ्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती, ती म्हणाली, "जाताना शानं मानूस, येताना बेवडा." आणि पडल्यापासून पहिल्यांदा ती मोकळी हसली, कमरेवर हात दाबून.

किनारा समुद्राकडे उतरता असतो, हे आपल्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. चौकट पातळीत, पण खाली रेती तिरकी. समुद्राकडचं चाक दोन बोटं खाली टेकलं आणि आपण इमानदारीनं तेवढंच खाली जोडलं. जाताना ते उताराला जुळलं, परतताना तेच चाक वरच्या अंगाला आलं. तुम्ही होडी बांधणारी माणसं. होडीला फक्त स्वतःची पातळी असते, खाली जमीन कशी आहे याच्याशी तिचं देणंघेणं नसतं. पिढ्यानपिढ्या नळी लावली ती होडीला, जमिनीला कोणी लावलीच नाही. पण मग मी? माझा तर जन्म खाचरात पाणी धरून जमीन सपाट करण्यात गेलेला. तू नेमकं तेच पकडलंस.

"भावजी, तुमी भातवाले. जमीन वाकडी हाय ते तुमाला कळाया पायजे व्हतं."

"किनारा कोणाचा?"

"किनारा माजा. पन वाकडेपना तुमच्या खात्यातला."

पुढे कितीतरी रविवार आपण हेच भांडण पुन्हा पुन्हा केलं, चव घेऊन घेऊन.

शेवटचं भांडण मात्र तसं नव्हतं. ते खरं होतं.

तुला चिमटे लांब हवे होते. चिमटा लांब असला की चाक वर उचललं तरी सरळ जातं. आखूड असला की चाक कमानीत फिरतं, माथा आत घेतं, आणि धक्का बाजूनं येतो. नंदाच्या मणक्याला बाजूचा धक्काच वाईट. इथवर मला मान्य होतं. पण चिमटे लांब केले की गाडी रुंद होते, आणि बोळ रुंद होत नाही. बोळाचं सगळ्यात अरुंद ठिकाण म्हणजे तुझ्या घराच्या ओट्याचा कोपरा. त्या कोपऱ्यानं आपल्या गाडीची रुंदी ठरवली होती, आणि ती चर्चेला नव्हती. त्या जांभ्याच्या ओट्यावर तुझे वडील बसायचे, मग तू बसू लागलास, सुषमा तिथे सुकट वाळत घालायची. त्याला कोणाची सायकल घासली तरी तू आठवडाभर बोलत नव्हतास. मी एकदा बोळाची मापं घेताना नुसतं म्हणालो होतो, अडचण तशी एकाच जागी आहे. तू आकाशात ढग बघू लागलास.

म्हणून तू तोड काढलीस ती अशी की चिमटे आत न्यायचे, पार मधोमध, नंदाच्या सीटखाली. लांबीही मिळाली आणि रुंदीही वाढली नाही. रेतीत तू ते काढलंस तेव्हा दिसत होतं सुंदर. पण सीट वीतभर वर गेली. मी म्हणालो, सीट वर गेली की गाडी डोलणार, वळणावर तिला बाजूला फेकणार. धक्का काढून झोका दिलास. त्यापेक्षा चिमटे आखूड, सीट खाली, स्प्रिंग जरा कडक. तू म्हणालास, कडक म्हंजे रिक्षाच की, मग दीड वर्स आपन काय केलं? मी म्हणालो, दीड वर्षं तू हट्ट केलास. तू कांबी रेतीत फेकलीस.

"भावजी, तुमी कागदावरच चालवा गाडी."

"आणि तू समुद्रात चालव."

मी कागद गुंडाळला आणि सकाळची एसटी धरली. नेहमी दुपारची धरायचो. चहा तसाच राहिला.

बुधवारी तुझा फोन आला. भांडणाबद्दल अक्षर नाही. "शनिवारी येताना मोठा कागूद आना. ह्यो पुरत न्हाय." मला वाटलं टोमणा मारतोयस. मी म्हणालो, "बघू." तूही हं म्हणालास आणि ठेवलास. हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. बघू. आयुष्यभर मापात बोलणारा माणूस मी, आणि शेवटी काय बोललो, तर बघू.

शुक्रवारी तू गेलास. त्या दिवसाचं मला तुला काही सांगायचं नाही. तुला ठाऊक आहे आणि मला आठवायचं नाही. एकच गोष्ट लक्षात राहिली. आपल्या बोळातून तिरडी निघते तेव्हा तुझ्या ओट्यापाशी खांदेकरी थांबतात, पुढचे दोघे आडवे होतात, तिरडी जरा कलती करतात आणि मग वळवतात. तुझ्या वडिलांच्या वेळी मीच पुढे होतो. तुझ्या वेळीही मी पुढे होतो. तिथे आलो तसा सवयीनं आडवा झालो, खांदा खाली केला, पण मागून कोणी थांबलं नाही. तू सरळ गेलास. माझ्या मनात आलं, काहीतरी वेगळं झालं. पण त्या वेळी डोकं कुठे ठिकाणावर होतं?

चार दिवसांनी सुषमाकडे बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, सुकट आत का वाळत टाकलंय, कुबट होईल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी काहीतरी लागेल असं बोललो.

"तुमी बघितलं न्हाय?" ती म्हणाली. "ओटा कुटं हाय?"

मी बाहेर येऊन पाहिलं. कोपरा नव्हता. हातभर तोडलेला, आणि कापलेल्या जागी जांभा आतून लाल, अजून ओलसर. बाकीचा दगड काळा पडलेला, तेवढाच भाग ताजा.

"मंगलवारी सकाळी पहार घेऊन बसले," सुषमा दारात उभी राहून सांगत होती. "मी बोलले, अवो, बाबा बसायचे ती जागा. तर बोलले, बाबा असते तर त्यांनीच तोडला असता, पोरीसाठी. मी बोलले, मग भावजींना फोन करा तरी. तर बोलले, न्हाय, सांगू नको. शनिवारी ते बोळात शिरतील ना, तवा त्यांचं तोंड बघायचं हाय मना."

मग ती आत गेली. मी तिथेच त्या तोडलेल्या जागेवर बसलो. माझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते कोणीच पाहिलं नाही.

गाडी रुंद करायला जागा मिळाली म्हणजे काय, हे तुला आणि मलाच कळलं असतं. चिमटे लांब, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. सीट खाली, माझ्या म्हणण्याप्रमाणे. तू भांडणात हरलाही नव्हतास आणि मला हरवलंही नव्हतंस. तू भांडणाची जागाच मोठी केली होतीस, आणि त्याला मोठा कागद लागणार होता. रोह्याला गेलो आणि तो कागद घेतला. ऑफिसातले म्हणाले, घरचं दुःख आहे, रजा वाढवा. मी म्हणालो, काम आहे. संध्याकाळी सगळे गेल्यावर चिमटे काढत बसायचो. रेघ ओढायची, आणि हरेश यावर काय खोड काढेल ते मनात ऐकायचं. काही वेळा तर तुझ्या खोडीमुळे खरंच माप बदललं. एकदा मी मोठ्यानं म्हणालो, अरे ऐकून तर घे. मग खुर्ची सरकवून उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

कागद झाला, पण रेतीत काढल्याशिवाय वेल्डिंगला द्यायचं मन होईना. रविवारी एकटाच खाली गेलो. चौकट काढली, कांब्या ठेवल्या, खिळे घातले. आणि मग कळलं की हे काम एका माणसाचं नाहीच. चाक उचलायला गेलं की दुसरं टोक सुटतं. टोक धरलं की चाक कोण उचलणार? मी तिथे किती वेळ त्या कांब्या घेऊन उकिडवा बसलो होतो कोण जाणे. मग मागून नंदा आली. हळूहळू, भिंतीला, खांबाला, नांगराच्या दोराला धरत आली होती. तिच्या हातात बसायचा पाट होता. तो तिनं रेतीत टाकला, त्यावर बसली आणि कांबीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"कुटलं टोक उचलायचं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. दीड वर्ष आपण दोघं तिच्यासाठी हे करत होतो, पण तिच्या हातात कांबी कधी दिली नव्हती. तिनं ती तुझ्यासारखी नाही धरली. तू ढिली धरायचास. तिनं अशी धरली की हाताच्या शिरा वर आल्या. चाक वर गेलं, खाली आलं. रेघ सरळ आली.

इकबालभाईंनी चिमटे जोडले. तुझं वेल्डिंग ते कायम नावाजायचे, तुझ्यासमोर कधी नाही. जुना चिमटा लांबी वाढवायला कापला तर पाइपाच्या आतून काळं ऑइल निथळलं. "हे बघा," ते म्हणाले, "बारीक भोक ठेवून आतून तेल फिरवलंय आणि मग बुजवलंय. खारी हवा आतून खाते, बाहेरून नाय. हरेशचा हात साफ होता. माझ्याच्यानं तसं होईल की नाय, कोशिश करतो." त्यांनीही भोक ठेवलं, तेल फिरवलं, बुजवलं. शुक्रवारी नमाजाहून आल्यावर पुन्हा बसले. पैसे घ्या म्हणालो तरी चहाशिवाय काही घेतलं नाही. "अल्ला त्याला जन्नत देवो," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसला.

आणि काल सकाळी, ओहोटीला, आम्ही निघालो.

नंदानं टोपली घेतली. मी म्हणालो, आज नुसतं जाऊन येऊ. ती म्हणाली, बंदरावर काय नुसतं जातात? ती पुढे बसली, मी मागे. तुझ्या घरापाशी सुषमा दारात आली. गाडीच्या दोन्ही बाजूंना जागा होती. मला कुठेच बघून चालवावं लागलं नाही, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली, जा म्हणून.

रेतीवर गाडी तशी चालली, जशी तू म्हणायचास. ओहोळ आला, पुढचं डावं चाक त्यात उतरलं आणि वर आलं, आणि नंदाचा अंबाडासुद्धा हलला नाही. मी मागून बघत होतो. मी फक्त तेवढंच बघत होतो. तू मला मागे का बसवलंस ते मला तेव्हा नीट कळलं.

बंदराचा सिमेंटचा उतार लागतो तिथे लाटांनी कड खाल्लेली आहे. रेती संपते आणि एकदम टणक कड. मी वेग कमी केला होता. पण चाकं चढताना धक्का बसला. माझे दात एकमेकांवर आपटले. नंदाच्या हातांनी पुढची दांडी गच्च धरली, आणि तिचे खांदे वर आले आणि तसेच राहिले. मी गाडी थांबवली.

"धक्का लागला?" मी विचारलं.

ती वळली नाही. तिला वळता येत नाही फारसं. समोर बंदरावर बघत ती म्हणाली, "न्हाय. काय पन लागला न्हाय. सांगा त्याला."

मग ती उतरली, टोपली कमरेवर घेतली आणि चालू लागली. बायकांनी तिला पाहिलं आणि बाजूला झाल्या. आधी काही वेळ नुसती कुजबुज. मग लिलावात तिचा आवाज आला, आधी जरा बसका, मग तोच जुना, आणि बाकीच्या गप्प झाल्या. मी गाडीपाशी उभा होतो. माझ्या शेजारी कोणी नव्हतं, म्हणून मी चिमट्यावर हात ठेवून उभा राहिलो.

तिनं सांगायला सांगितलं होतं, म्हणून हे लिहिलं. तिचा निरोप तुला पोचला. लागला नाही.

आता आपल्या दोघांतलं. लागला, हरेश. मला लागला म्हणजे तिला नक्कीच लागला. घरी आल्यावर तासभर आडवी होती आणि मला स्वयंपाकघरात पाठवत होती, म्हणजे मी बघू नये म्हणून. उद्या पुन्हा जायचं म्हणते, आणि ती जाणार. चिमटे बरोबर आहेत, चाक सरळ चढलं, मी खाली वाकून रेतीतली रेघ बघितली. स्प्रिंग कडक आहे, माझ्या म्हणण्यासारखी. मऊ घातली तर त्या कडेवर चढताना गाडीचं पोट खाली टेकेल. मी कागदावर तीन वेळा करून पाहिलं, जमत नाही. काय करायचं, सांग.